हाकाऱ्या आणि डावी बाही

सोमवार, ४ मार्च

कारल्याने आज पुन्हा फाइल धरली! सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी धरली ती संध्याकाळी सहाला सोडली. मध्ये जेवण, दोन चहा, एक डुलकी — सगळं फाइल उघडी ठेवून.

कारलं म्हणजे बाबांचा, माझ्या सासऱ्यांचा, कॉम्प्युटर. कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरना मी भाज्यांची नावं दिली आहेत. मालकीणबाई भोपळा. मार्करबाई दोडका. नवी डिझायनर लसूण. आणि सगळ्यांच्या फाइली ज्याच्या पोटात राहतात तो माझा सर्व्हर — कांदा, कारण तो रडवतो. हे कुणालाच ठाऊक नाही. सर्व्हरच्या नोंदींत मात्र मी रोज वाचते: कारल्याने कुलूप मागितलं. कारल्याला कुलूप मिळालं. लसणीने मागितलं. लसणीला नकार. एकटीच हसत बसते. शेजारच्या इस्त्रीवाल्यांना वाटतं बाईला काहीतरी झालंय.

नियम साधा आहे. जो फाइल उघडेल त्याच्याकडे तिचं कुलूप. तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. नाहीतर दोघं एकाच कागदावर लिहितील आणि शेवटी लिहिणारा पहिल्याचं पुसून टाकेल. चांगला नियम आहे! पण तो करणाऱ्याने माझे सासरे पाहिले नव्हते. घरी बाथरूमचंही तेच.

मंगळवार, ५ मार्च

तक्रारी सगळ्या माझ्याकडे. जणू मीच बाबांना फाइल उघडून बसवलंय.

नवी डिझायनर — तिला सगळे चिमणी म्हणतात, बोलते तशीच — आज तीनदा आली. "ताई, तुम्हीच सांगा ना मास्तरांना. मला फक्त कॉलरची दोन टोकं गोल करायचीत हो. पाच मिनिटांचं काम!" मी म्हटलं, मी त्यांची सून आहे, फौजदार नाही.

मग मालकीणबाईंनी बोलावलं. दार लोटायला सांगितलं. म्हणाल्या, "मास्तरांनी माझा शाळेचा गणवेश शिवलाय. त्यांना काही बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण काम अडतंय. महिनाअखेरीला ठरवू — पॅटर्नची फाइल मास्तरांकडेच ठेवायची की चिमणीकडे द्यायची." आणि वर, "हे घरी बोलू नका."

बाबा चौसष्ट वर्षांचे. अडतीस वर्षं या कारखान्यात पॅटर्न मास्तर. शर्टाची पाठ, खांदा, बाही, कॉलर — प्रत्येक तुकड्याचा आकार आधी ते काढतात, मग बाकीचं जग कापायला आणि शिवायला लागतं. आधी जाड कागदावर काढायचे, आता पडद्यावर. फाइल गेली तर त्यांना बटणांच्या खोलीत बसवतील. ते बसणार नाहीत, घरी येतील. आई म्हणजे माझ्या सासूबाई नेहमी म्हणतात, "हे घरी बसले तर माझ्या पोळ्या टेपने मोजतील."

हसले खरी. पण येताना रस्ताभर तेच डोक्यात होतं. या माणसाला दुसरं काही येत नाही. आवडतही नाही.

बुधवार, ६ मार्च

जेवताना बोलून बघितलं. गोड आवाजात, पाणी वाढत. "बाबा, जेवायला उठताना फाइल बंद केली तर बरं पडेल हो सगळ्यांना."

"मशीनवरून उठताना कुणी दोरा तोडून ठेवतं का?"

"पण चिमणीला कॉलर—"

"तिला आधी सरळ रेघ मारायला शिकव."

नवरोबांनी ताटातून डोकं वर न काढता मला पायाने ढोसलं. म्हणजे, नाद सोड. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं — पुढचं मी मनात म्हटलं. नाव उगाच नाही ठेवलेलं.

गुरुवार, ७ मार्च

युक्ती सुचली! जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरच बंद करून चालू केला तर? कांदा पडला की सगळ्यांची कुलुपं सुटतात. बाबा डबा खात असणार. तेवढ्यात चिमणी आत शिरेल, कॉलर गोल करेल, निघून जाईल. कुणाला पत्ता नाही.

सव्वाला केलं. पंखा थांबला. खोली एकदम इतकी शांत झाली की माझंच मन मला खायला लागलं. दोन मिनिटांनी कांदा उठला. मी नोंदी उघडल्या.

कारल्याने कुलूप मागितलं. कारल्याला कुलूप मिळालं.

आणि बाबा तिकडे लोणच्याची फोड चोखत बसलेले! हात कॉम्प्युटरच्या आसपासही नाही!

हे काम हाकाऱ्याचं. मीच ठेवलेला नोकर, माझ्याच मुळावर. हाकाऱ्या म्हणजे सर्व्हरवर मागे गुपचूप चालणारी एक छोटी सेवा, एक प्रोग्रामच. पडद्यावर दिसत नाही, आवाज नाही. कुणाच्या हाती कुलूप आहे त्याची यादी ठेवते, बस. पण सर्व्हर पडून उठला की यादीतल्या प्रत्येकाला जाऊन हाक मारते — कांदा पडला होता, उठलाय, ज्याचं जे होतं त्याने परत मागून घ्या! आणि पुढची नव्वद सेकंदं नव्या माणसाला काहीही मिळत नाही. आधी जुन्यांचा हक्क. कारल्याने हाक ऐकली, हात वर केला, कुलूप घेतलं. मालकाला उठायचीही गरज पडली नाही.

किती प्रामाणिक! चीड आली मला.

शुक्रवार, ८ मार्च

आज उगाचच सर्व्हर पाडला. नव्वद सेकंद सगळा कारखाना "अडकलं! अडकलं!" मी चहा प्यायले.

सोमवार, ११ मार्च

मोठी ऑर्डर आली. रुग्णवाहिकेच्या चालकांचे शर्ट, चारशे ऐंशी. पूर्ण बाह्यांचे. नमुन्याचा शर्ट त्यांनी घालून पाहिला आणि परत पाठवला — बाह्या दीड इंच लांब आहेत, कमी करा. कॉलरही गोल हवी.

एरवी एक बाही काढायची आणि उलटवून दुसरी करायची. पण या शर्टाच्या डाव्या बाहीवर पेनाचा खिसा आहे. म्हणून डावी वेगळी काढावी लागते, उजवी वेगळी. हे मला मार्करबाईंनी सांगितलं. त्यांचं काम म्हणजे सगळे तुकडे कापडावर असे दाटीवाटीने बसवायचे की चिंधीसुद्धा वाया जायला नको. त्या म्हणाल्या, "उद्या अडीचला मला फाइल पाहिजे म्हणजे पाहिजे. सांग तुझ्या सासऱ्यांना."

मी त्यांना हाकाऱ्याची गंमत सांगितली. त्याच्या यादीत अजून गाजर आहे — जुन्या छपाईच्या खोलीतला कॉम्प्युटर, कधीच भंगारात गेला. हाकाऱ्या दर वेळी त्यालाही हाक मारतो. उत्तर नाही. पुन्हा मारतो. बाबा मागे उभे राहून ऐकत होते, मला कळलंच नाही. म्हणाले, "उत्तर येत नाही तरी हाका मारतोय? तुझ्या सासूवर गेलाय."

मंगळवार, १२ मार्च

आज हाकाऱ्याचं तोंड बांधलं!

बाबा सकाळपासून बाह्यांवर. अकराला एकदा सेव्ह केलं, आणि पुन्हा बसले धरून. बारा. साडेबारा. चिमणीचा चेहरा रडवेला. अडीचची वेळ डोक्यावर, तिची कॉलर अजून टोकदार. एक वाजता बाबा डबा घेऊन उठले. फाइल उघडी, अर्थातच.

सव्वाला मी आधी हाकाऱ्या बंद केला. मग सर्व्हर पाडला, उठवला. कुणी हाक मारली नाही. नव्वद सेकंद गेली. कारलं तिकडे मजेत बसलेलं — त्याला वाटतंय कुलूप अजून आपल्याच खिशात आहे. आणि इकडे कांद्याच्या लेखी दार सताड उघडं! मी चिमणीला खूण केली. तिने एक पंचविसाला फाइल उघडली. लसणीने मागितलं. लसणीला मिळालं! वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. मग हाकाऱ्या पुन्हा चालू केला, शहाण्यासारखा.

दोनला बाबा आले, काहीतरी केलं, सेव्ह केलं, "झालं माझं" म्हणून फाइल बंदही केली. चिमणीने सव्वादोनच्या पुढे कधीतरी कॉलर सेव्ह केली. अडीचला मार्करबाईंना फाइल मिळाली. सगळे खूश. या घरात आणि कारखान्यात अक्कल एकाच ठिकाणी आहे आणि ती कुठे हे मी लिहीत नाही.

बुधवार, १३ मार्च

चिमणीने पेरू आणून दिला. "ताई, तुम्ही जादूगार आहात." दोन फोडी बाबांनाही दिल्या. त्यांनी खाल्ल्या!

शुक्रवार, १५ मार्च

आज गंमत काही नाही.

दुपारी शिलाईतल्या एका बाईने तयार शर्ट हँगरला लावला आणि म्हणाली, हा असा का लटकतोय? डावी बाही लांब. दीड इंच. दुसरा काढला — तेच. तिसरा — तेच. चारशे ऐंशी शर्ट कापून झालेले, निम्म्यांहून जास्त शिवलेले. प्रत्येकाची उजवी बाही बरोबर, डावी लांब.

मालकीणबाई खाली आल्या. काही ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मास्तर."

बाबांनी एक शर्ट अंगात घातला. सगळ्यांसमोर. आरशापुढे उभे राहिले, दोन्ही हात खाली सोडले. डावा हात पार बोटांपर्यंत झाकला होता. कुणी हसलं नाही. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कफ पकडला, दुमडला, पुन्हा सोडला. आणि म्हणाले, "माझाच हात चुकला."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा, असं मागून कुणीतरी कुजबुजलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, वय झालं.

मी वर पळाले. नोंदी उघडल्या. वेळा ओरडून सांगत होत्या. अकराला बाबांनी सेव्ह केली तेव्हा उजवी झाली होती, डावी राहिली होती. डावी त्यांनी नंतर केली असणार. दोनला सेव्ह केली. पण चिमणीने त्याच्या आधीच, एक पंचविसाला, अकराची फाइल उघडून ठेवली होती. तिने तिच्यावर कॉलर काढली आणि बाबांच्या मागून सेव्ह केली. बाबांची डावी बाही पुसली गेली, अकराची लांब बाही परत आली.

दोघं एकाच कागदावर. शेवटी लिहिणारा पहिल्याचं पुसतो. हे मी चार तारखेला इथेच लिहिलंय, मोठ्या ऐटीत! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

शनिवार, १६ मार्च

बाही लांब आहे, आखूड नाही, एवढंच नशीब. आखूड असती तर कापड कुठून आणून जोडणार होते? कफ उसवून, कापून पुन्हा लावता येतील. मार्करबाई म्हणाल्या, चार दिवसांचं काम. शर्ट वाचतील. बाबांचं काय?

घरी आले तर बाबा जमिनीवर बसलेले. भोवती शर्टांचा ढीग. घरातले सगळे शर्ट त्यांनी कपाटातून काढले होते — स्वतःचे, नवरोबांचे, पंधरा-वीस वर्षांपूर्वी शिवलेले, बोहारणीलाही न दिलेले. टेप घेऊन प्रत्येकाच्या दोन्ही बाह्या मोजत होते. डावी, उजवी. डावी, उजवी. सगळ्या बरोबर निघाल्या. तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

आईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "सकाळपासून हेच चाललंय गं. काहीतरी बोल त्यांच्याशी."

मी काय बोलणार? चोराच्या मनात चांदणं. मी शर्टांच्या घड्या घालून दिल्या.

रविवार, १७ मार्च

बाबा म्हणाले, "सूनबाई, एक राजीनामा छापून दे. हाताने लिहिलेला बरा दिसत नाही."

छापून दे! मला!

मी म्हटलं, प्रिंटरची शाई संपलीय. तासाभराने पुन्हा विचारलं. म्हटलं, कागद अडकलाय. दुपारी ते स्वतः येऊन बाजूला उभे राहिले. मी टाइप करायला लागले आणि हव्या तितक्या चुका केल्या. "वयोमानामुळे"चं "वायुमानामुळे" केलं. त्यांनी चष्मा सावरला. "हे काय? मी काय फुगा आहे?" क्षणभर ओठ हलले त्यांचे. हसणार असं वाटलं. नाही हसले. मी म्हटलं, बाबा, फाइल कुणीतरी धरून बसलंय, सेव्हच होत नाही. घरातल्या कॉम्प्युटरवर कोण धरून बसणार? पण ते या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेवतात. "असू दे मग," म्हणाले आणि गेले.

हेच सगळ्यात लागलं. विश्वास ठेवतात.

सोमवार, १८ मार्च

त्यांनी हातानेच लिहिला. चार ओळी, सरळ, एकही खाडाखोड नाही. जाऊन दिला. मालकीणबाईंनी तो खणात ठेवला आणि म्हणाल्या, "बुधवारपर्यंत बघते."

नवरोबांना सगळं सांगून टाकलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला अडकलेल्या माणसांची सवय आहे. ऐकून आधी पोट धरून हसला. हाकाऱ्याचं तोंड बांधलं इथे तर डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग डोळे पुसले. म्हणाला, "बोललीस तर तुझी नोकरी जाईल. नाही बोललीस तर बाबा जातील."

"हे मलाही कळतंय."

"मग मला कशाला विचारतेस?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण पळणारे बाबा आहेत. मला चावलं तर चावू दे.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं.

नोंदी छापून नेल्या होत्या. (शाई होती!) मालकीणबाईंसमोर टेबलावर पसरल्या. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि भुवया वर गेल्या.

"कारल्याने कुलूप मागितलं — हे काय आहे?"

भाज्या विसरलेच होते मी! नावं बदलून छापायची अक्कल नव्हती. सगळं सांगावं लागलं. कारलं कोण, लसूण कोण.

"आणि मी?"

"...भोपळा."

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. त्यानंतर जे सांगायचं ते सोपंच गेलं, कारण याहून वाईट काही उरलंच नव्हतं. सर्व्हर का पाडला, हाकाऱ्याला का गप्प केलं, दोघांच्या हाती एकच कुलूप कसं आलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे मास्तरांची चूक नाही?"

"नाही. माझी."

त्यांनी खण उघडला, बाबांचा कागद काढला, घडी उलगडली, वाचला. "अक्षर बघा," म्हणाल्या. आणि उभा फाडला. डोळे पुसले की काय नीट दिसलं नाही, मी जमिनीकडे बघत होते.

मग माझा निकाल. नोकरी राहील. लेखी ताकीद. हाकाऱ्याला परत हात लावला तर मात्र नोकरी गेली. उद्यापासून शिलाईत बसून कफ उसवायचे, शेवटचा होईपर्यंत. आणि यापुढे कुठलाही पॅटर्न दोन माणसांनी टेपने मोजल्याशिवाय कात्रीखाली जाणार नाही, तो कुणीही काढलेला असो. "संध्याकाळपर्यंत भाज्या काढून टाका," एवढं म्हणून त्यांनी मान फिरवली. खांदे हलत होते. हसत होत्या!

बाबांना त्यांनी स्वतः सांगितलं. मी जिन्यात लपले होते.

बुधवार, २० मार्च

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. घरी यायला एकाच रस्त्याने, दोन हात अंतर ठेवून. आईंमार्फत मीठ मागतात. मीठ माझ्यासमोर.

पण अंघोळीला शीळ घालत होते. सकाळी पाऊण तास! बाहेर नवरोबा टॉवेल घेऊन ताटकळत, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू.

आज एकसष्ट कफ उसवले. बोटांची चाळण.

गुरुवार, २१ मार्च

शिलाईतल्या बायकांनी माझं नाव कोथिंबीर ठेवलंय. "फुकटची मिळते आणि सगळ्यात पडते." सव्वाशे कफ. शिकवतात प्रेमाने, टोचतात त्याहून प्रेमाने.

शुक्रवार, २२ मार्च

सगळ्या इमारतीला कळलंय. दूधवाल्याला बाबांनी जिन्यात थांबवून सांगितलं — "माझा हात नव्हता चुकला. सुनेने मशीनशी खेळ केला." खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "बाईसाहेब, हाकाऱ्या म्हणजे कोण हो?" माझी लाज गेली ती गेली. पण बाबांची मान अशी ताठ की नवी कॉलर लावलीय जणू. सांगू देत. अजून दहा जणांना सांगू देत.

रविवार, २४ मार्च

अबोला सुटला. बाबा चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले. "तो हाकाऱ्या नीट समजावून सांग."

सांगितला. यादी, हाक, नव्वद सेकंद. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्येच प्रश्न विचारले, चांगले विचारले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तो बिचारा ज्याचं त्याला परत देत होता, आणि तू त्याचं तोंड बांधलंस."

"हो."

"माझ्यामुळे बांधलंस."

मी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"जेवायला उठताना बंद करत जाईन फाइल," म्हणाले. "पण त्या चिमणीला सरळ रेघ अजून येत नाही, हे माझं मत कायम आहे." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. त्यांनी पाठीवर थोपटलं. मग रडूही आलं थोडं.

मंगळवार, २६ मार्च

शेवटचा कफ उसवला. मी स्वतः! शर्ट उद्या जाणार.

कारल्याने एक वाजता कुलूप सोडलं. तारीख घालून जपून ठेवावी अशी नोंद. (भाज्या मी काढल्या नाहीत. फक्त भोपळ्याचं कमळ केलं.)

शुक्रवार, २९ मार्च

निकाल लागला. पॅटर्नची फाइल मास्तरांकडेच. कॉलरची फाइल वेगळी काढून चिमणीला. मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मास्तर असेपर्यंत मास्तरच." बाबा नुसतं "बरं" म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला खाली वाकले. घरी जाताना त्यांनी वाटेत आईंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं. आईंनी विचारलं, काय केलंत आता?

शनिवार, ३० मार्च

महिना संपला म्हणून सर्व्हर साफ करायला बसले. तासातासाला फाइलींच्या ज्या प्रती आपोआप पडतात त्या पुसायच्या होत्या. त्या मंगळवारची, बारा तारखेची, दोन वाजून दहा मिनिटांची प्रत सहज उघडली. बाबांनी "झालं माझं" म्हटल्यानंतरची. चिमणीने सेव्ह करण्याच्या आधीची.

उजवी बाही कमी केलेली आहे. डावीला हातच लावलेला नाही.

तेवढ्यात बाबा दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "अगं, ती डावी बाही कमी केल्याचं मला काही केल्या आठवत नाही. नक्की तुझीच चूक होती ना?"

"नक्की माझीच, बाबा," म्हटलं आणि प्रत पुसली.